कावळ्याला रेडियम

३ ऑक्टोबर, मंगळवार
हवा: ढगाळ. वारा नाही.

शाळेची बस चालवायचं सोडून चार वर्षं झाली, पण रोजची नोंद लिहायची खोड गेली नाही. बसच्या नोंदवहीला रकाने असायचे: हवा, मैल, टायर, तक्रारी, अपघात. एकतीस वर्षं मी त्या शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं. निवृत्त झाले तेव्हा क्लाइड म्हणाला, "आता घरी बसून नवऱ्याच्या तक्रारी लिही." तेच करते आहे. ही नवी वही त्यानंच आणून दिली, जाड काळ्या रेघांची. जुन्या वहीच्या रेघा इतक्या फिक्या छापल्या होत्या की अक्षर उतरणीला लागायचं.

आज गावच्या काउन्सिलच्या सभेत सदस्य ग्लेंडा पॅट्रिजनं पिशवीतून एक चेपलेली नारिंगी बादली काढली आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. हॅलोवीनला पोरं घरोघर खाऊ गोळा करायला नेतात ना, तसली भोपळ्याच्या तोंडाची. गेल्या हॅलोवीनला सिकामोर रस्त्यावर सापडली होती. कुणाची, ते कधी कळलं नाही.

"ही कुणाच्या तरी चाकाखाली आली," ग्लेंडा म्हणाली. "ही धरणारा हात त्या चाकापासून किती लांब होता, सांगेल का कुणी?"

मग तिनं तिचा उपाय मांडला. घरोघर फिरणं बंद. दुपारी चारला सगळी पोरं शाळेच्या वाहनतळावर आणायची, मोठ्यांनी आपापल्या गाड्यांच्या डिक्या उघडून उभं राहायचं, पोरांनी डिकीडिकीतून चॉकलेटं उचलायची आणि पाचला घरी जायचं.

मला राहवेना. उभी राहिले आणि म्हटलं, "पोरं हॅलोवीनला निघतात की सामान उतरवायला? लोकांचं दार वाजवायचं नाही, तर मग घरीच बसा की गोळ्या चघळत!"

लोक हसले. ओरिन फिच तर सगळ्यात मोठ्यांदा. आज तो गावच्या अग्निशमन दलाचा मुख्य आहे, पण दुसरीत असताना माझ्या बसमध्ये तीन वेळा ओकला होता. तो म्हणाला, "मिस लॉर्ना, मग जबाबदारी तुम्हीच घ्या. तुमच्याइतकी या गावची पोरं कुणी सांभाळली आहेत?" भराभर हात वर झाले आणि मी सुरक्षा समितीची प्रमुख झाले. अट एकच. यंदा एकाही पोराला गाडीचा धक्का लागला, तर पुढच्या वर्षीपासून डिक्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. सभा संपेपर्यंत माझी नजर त्या बादलीवरून हटली नाही. ती माझ्याच चाकाखाली आली होती. गेल्या वर्षी चॉकलेटं संपली म्हणून दुकानात गेले होते. परतताना, पोरांचं फिरणं संपल्याचा आठचा भोंगा व्हायच्या दहा मिनिटं आधी, काळ्या कपड्यातलं पोर अचानक समोर आलं. ब्रेक मारला. फट्‌ असा आवाज झाला. खाली उतरून हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. क्लाइडला सांगितलं, बाकी कुणाला नाही. अंधारात काळे कपडे घालून फिरायचं, म्हणजे चालवणाऱ्यानं करायचं काय? पोरं दिसलीच पाहिजेत. यंदा मी ती दिसायला लावीन.

७ ऑक्टोबर, शनिवार
हवा: स्वच्छ, पण बोचरी.

योजना तयार. एक, प्रत्येक पोराच्या पोशाखावर रेडियमची पट्टी. दोन, दर कोपऱ्यावर दलाचा एक माणूस, हातात बॅटरी. तीन, ज्या घराच्या पोर्चवर दिवा चालू, त्याच दाराशी जायचं. हा नियम जुनाच आहे, पण लहानग्यांना दरवर्षी नव्यानं सांगावा लागतो. चार, सिकामोर रस्त्यावर पोरांच्या मागून नारिंगी दिवा लावलेली एक गाडी पायी चालण्याच्या वेगानं जाईल, म्हणजे मागून येणारा कुणी भलता वेग घेणार नाही. ती गाडी मी चालवणार. हे वेगळं सांगायलाही लागलं नाही. ओरिननं कागदावर आधीच माझं नाव लिहिलं होतं.

क्लाइडला माझा उत्साह बाधलेला दिसतो. आज त्यानं आमच्या टपालपेटीला रेडियम लावलं. मग गॅरेजच्या दाराच्या दोन्ही कडांना लावलं. मग ड्राइव्हवेच्या तोंडाशी दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांनाही लावलं. मी म्हटलं, "अरे, गॅरेज काय खाऊ मागायला दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत निघालंय?"

"गॅरेजचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये तुला आडवं आलंच होतं."

थट्टेची सवय गेली नाही म्हाताऱ्याची.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मार्नी शेजारच्या रेनीची मुलगी, नऊ वर्षांची. रेनी वृद्धाश्रमात कामाला, सहापर्यंत येत नाही, म्हणून शाळा सुटली की मार्नी आमच्याकडे. पाच वर्षांची होती तेव्हापासून. साडेतीनला दार वाजतं, मी दालचिनीचा टोस्ट ताटलीत ठेवते, आणि ती गावभरच्या बातम्या सांगते. आम्हाला मूलबाळ नाही. हे मी क्वचितच लिहिते, आज लिहिलं.

यंदा काय होणार म्हणून विचारलं, तर म्हणते, "कावळा."

"कावळा! अगं, परी हो, मधमाशी हो."

"कावळाच. पूर्ण काळा. चोचसुद्धा काळी."

"बरं बाई. पण पंखांना रेडियम लावीन मी."

"चमकणारा कावळा कुणी पाहिलाय, मिस लॉर्ना?"

"मी पाहीन की. तेवढ्यासाठीच तर लावायचं."

ती टोस्ट खायची थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघू."

गेल्या वर्षी काय झाली होती, ते आठवेना. त्या दिवशी ती मैत्रिणीच्या घरून परस्पर निघाली होती, आमच्या दाराशी आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "काही नाही." हल्ली फार घुमी झाली आहे. पूर्वी अशी नव्हती.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
हवा: दिवसभर पाऊस.

शुक्रवार आणि तेरा तारीख, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी गाडी मागे घेताना कचऱ्याचा डबा आडवा झाला. क्लाइडनं तो भलत्याच जागी ठेवला होता. "दर शुक्रवारी तिथेच असतो," तो म्हणाला, आणि वर गुणगुणायला लागला, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी त्याला झाडू दिला.

दुपारी पाऊस जोरात होता म्हणून मार्नीला वाचनालयात गाडीनं सोडते म्हटलं. नको म्हणाली. भर पावसात छत्री घेऊन पायी गेली. मी गाडी काढते तेव्हा ही पोर आमच्या मेपलच्या खोडाला चिकटून उभी राहते आणि मी वळून दिसेनाशी झाल्यावरच रस्त्यावर येते. बाकीची पोरं माझ्या बसमध्ये चढायला मारामाऱ्या करायची. ही मुळातच भित्री.

क्लाइडलाही हल्ली गाडी चालवायची फार हौस आली आहे. किराणा आणायला तोच, चर्चला तोच. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझी सोमवारची वेळ परस्पर ठरवून आला होता. रद्द केली. समितीची कामं आ वासून उभी आहेत, डोळे कुठे पळून जाणार आहेत?

१७ ऑक्टोबर, मंगळवार
हवा: स्वच्छ.

आज संध्याकाळी रेडियमची परीक्षा घेतली. क्लाइडच्या पाठीवर पट्टी लावून त्याला सिकामोर रस्त्यानं चालायला पाठवलं. मी गाडीत, शेजारी ओरिन. हेडलाइट लावले.

"आता दिसतोय?" ओरिननं विचारलं.

"माणूस दिसतो. पट्टी काही खास चमकत नाही."

"खास नाही?"

"अरे, काहीतरी पांढुरकं आहे. पुसट. माल भिकार आहे, ओरिन. परत कर आणि रुंद पट्टी मागव."

त्यानं डोळ्यांवर हाताची झापड धरली. मग हळूच म्हणाला, "मिस लॉर्ना, मला तर डोळ्यात खुपतंय."

"तू तरुण आहेस. पट्टी म्हाताऱ्यांनाही दिसायला हवी. गावात गाड्या कोण चालवतं, निम्मे म्हातारेच ना?"

रुंद पट्टी मागवतो म्हणाला. नंतर तो आणि क्लाइड ड्राइव्हवेच्या टोकाशी पाऊण तास बोलत उभे होते. मी खिडकीतून हाक मारली तर दोघंही गप्प. मासे पकडायला जायचा बेत असणार.

काउन्सिलनं रस्त्यावर नवे दिवे लावलेत, तेही असेच बिनकामाचे. प्रत्येकाभोवती मोठं कडं दिसतं, आणि उजेड कड्यातच अडकून राहतो. ग्लेंडाला तक्रारीचं पत्र लिहायचं आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

ग्लेंडा स्वतःच आली, पत्र लिहायच्या आधी. सोबत गरम सफरचंदाचा रस. मी तलवार उपसायच्या तयारीत होते, पण ती भांडायला आली नव्हती.

"तुम्हाला वाटतं मला पोरांचा सण मोडायचाय," ती म्हणाली. "लॉर्ना, ती बादली मला सापडली होती. मी ती उचलली आणि अर्धा तास झुडपांत बॅटरी मारत फिरले. आत काही सापडेल या भीतीनं. तो अर्धा तास मला पुन्हा नको."

मी पेला खाली ठेवला. आता सांगून टाकावं, असं वाटलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण मागची गाडी तुम्ही चालवणार आहात म्हणे. मग मला घोर नाही. माझी तिन्ही मुलं तुमच्याच बसनं मोठी झाली."

रस छान झालाय म्हटलं. ती गेल्यावर सगळी भांडी पुन्हा धुतली, धुतलेलीसुद्धा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
हवा: थंड. पानगळ संपत आली.

दलाच्या इमारतीत एकशे बेचाळीस पोरांना रुंद पट्ट्या वाटल्या. आयांची दरवर्षीचीच रड: थंडी पडली की पोशाखावर कोट घालायचा की पोशाखाच्या आत? पोरांचं म्हणणं, कोट घातला की चेटकीण कुणाला कळणार? मी निकाल दिला: कोट आत, पट्टी बाहेर, आणि चेटकीण जरा जाडी दिसली तरी चालते.

घरी आल्यावर क्लाइडशी वाजलं. तो म्हणाला, "मागची गाडी मी चालवतो."

"तू? तुझ्या हाती गाडी दिली तर पोरं पुढच्या हॅलोवीनपर्यंत घरी पोचतील."

"पोचतील तर खरी."

"म्हणजे काय?"

तो हसला नाही. "लॉर्ना, डोळे दाखवून ये. हात जोडतो."

"एकतीस वर्षं, क्लाइड. एक ओरखडा नाही."

"एकतीस वर्षं म्हणजे तेव्हाचे डोळे."

मी बोलणं तिथेच तोडलं. हिंडताही येईना, बसताही येईना. पायजम्यांचं कपाट आवरलं. समजा त्याचं खरं असलं? छे. गेल्या वर्षी पोर काळ्या कपड्यात होतं, अंधारही होता. त्या जागी कुणीही असतं तरी तेच झालं असतं. आणि गाडी सोडून लॉर्ना हुडाकनं करायचं काय? या गावात माझं दुसरं नाव तरी काय आहे? पन्नाशीला आलेल्या माणसांनासुद्धा मी "आमच्या बसची मिस लॉर्ना". ती गाडीतून उतरली की खाली उरते ती नुसती म्हातारी.

३० ऑक्टोबर, सोमवार

रेनीची उद्या दुहेरी पाळी. मला म्हणाली, "मार्नी मैत्रिणींबरोबर जाईल, पण तू मागे गाडीत आहेस म्हणूनच मी निर्धास्त." मी म्हटलं, तिच्यावरून माझी नजर हलणार नाही.

दुपारी पोशाख बघायला मागितला. कावळा सुरेख झालाय, पण पंखांवरचं रेडियम काढून टाकलेलं! मी स्वतः शिवलं होतं ते. रागावले. "तुला गाडीखाली यायचंय का?" असं बोलून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मार्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. टोस्ट तसाच टाकून म्हणाली, पोट दुखतंय, उद्या जाणारच नाही.

पुन्हा शिवायला बसले तर सुईत दोरा जाईना. अर्धा तास. हल्ली सुया पण काय बनवतात! शेवटी क्लाइडनं ओवून दिली आणि एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ
हवा: ढग निवळताहेत. थंडी कडक.

पाच वाजल्यापासून जागी. गाडी धुतली, काच आतून-बाहेरून तीनदा पुसली. तरी धुरकटच. टपावर नारिंगी दिवा बसवला.

त्याच दिवशी, रात्री साडेदहा

जसं झालं तसं लिहिते.

पावणेसहाला मार्नी आमच्या पोर्चवर आली. पूर्ण कावळा, हातात नवी बादली. मी शिवलेलं रेडियम पुन्हा उसवलेलं. तिच्या दोन मैत्रिणी फुटपाथवर थांबल्या होत्या. मी गाडीची किल्ली हातात घेऊन निघाले होते, क्लाइड पायरीवर बसला होता.

"मी येत नाही, हे सांगायला आले," ती म्हणाली.

"पोट?"

"पोट नाही दुखत. कालही नव्हतं दुखत."

"मग काय झालं?"

ती क्लाइडकडे बघायला लागली. तो म्हणाला, "बोल बाळा. ही ओरडली तर मी आहे."

"तुम्ही गाडीत बसणार असाल तर मी रस्त्यावर येत नाही, मिस लॉर्ना."

"अगं, मी तुमच्या राखणीलाच बसतेय! तू ही अशी काळीकुट्ट. रेडियम लावलं तर काढून टाकतेस. मग चालवणाऱ्याला दिसणार कशी तू?"

"गेल्या वर्षी मी चमकत होते," मार्नी म्हणाली.

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही.

"मी अंतराळवीर होते. आईनं स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला होता मला, डोक्यापासून पायापर्यंत. तुमचे दिवे पडले तेव्हा मी इतकी चमकले की माझे मलाच डोळे मिटावे लागले. तुमची गाडी ओळखली मी. म्हणून हात केला तुम्हाला. मला वाटलं, तुम्ही थांबणार." तिनं चोच वर सरकवली. "तुम्ही थांबला नाहीत. मी बादली टाकली आणि मागे उडी मारली. मग तुम्ही उतरलात आणि 'कोण आहे, कोण आहे' म्हणून ओरडायला लागलात. मी झाडाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

क्लाइड उठून उभा राहिला. मी पोर्चच्या खांबाला धरलं. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर एक काळं पोर होतं. ते काळं कुणी केलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"आईला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तिनं मला तुमच्याकडे पाठवलं नसतं."

"आणि पट्टी?"

"चमकून काय उपयोग? तुम्हाला दिसतच नाही. काळी असले की मला माहीत असतं, मी दिसत नाहीये. मग मीच जपते."

नऊ वर्षांची पोर. वर्षभर झाडाला चिकटून उभी राहत होती आणि मी तिला भित्री म्हणत होते. मला रडू फुटलं. लपवावंसंही वाटलं नाही. एकशे बेचाळीस पोरांच्या मागे आज मी गाडी घालणार होते, वर नारिंगी दिवा लावून.

तेवढ्यात सहाचा भोंगा झाला. सिकामोर रस्त्यावरची सगळी दारं एकदम गजबजली. मार्नी बादली धरून तशीच उभी होती. मी किल्ली तिच्या बादलीत टाकली.

क्लाइडनं बादलीत वाकून पाहिलं. "झालं! आता मला गाडी काढायची तर या कावळ्यापुढे हात पसरायचे."

"म्हणा मग," मार्नी म्हणाली.

"काय म्हणू?"

"जे म्हणतात ते."

एकाहत्तर वर्षांचा माझा नवरा गुडघ्यावर बसून "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणाला, तेव्हा तिनं त्याला किल्ली दिली. मग पंख पसरून म्हणाली, "मिस्टर क्लाइड चालवणार असतील, तर लावा रेडियम." शिवायला वेळ नव्हता, चिकटपट्टीनं लावलं.

मी पायी निघाले, तिघींबरोबर. रखवालदार म्हणून निघाले खरी, पण दुसऱ्या घरापासून मार्नीनं माझा हात धरला. "पायरी," ती म्हणायची. "फुटपाथ संपला." "इथे पानं ओली आहेत." एका दाराकडे मी उत्साहानं वळले तर मागे ओढून म्हणाली, "मिस लॉर्ना, त्यांचा दिवा बंद आहे. समोरचा रस्त्यावरचा दिवा आहे तो." दोन तासांत मी सात वेळा ठेचकाळले असते, आणि दर वेळी एका कावळ्यानं मला सावरलं. मागून क्लाइड गोगलगाईसारखा येत होता.

आठचा भोंगा झाला तेव्हा ओरिननं कोपऱ्याकोपऱ्यावर विचारलं. एकाही पोराला खरचटलं नव्हतं. दलाच्या इमारतीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा हसत पुढे आली आणि माझा हात हातात घेतला. "जिंकलात तुम्ही," म्हणाली.

मी म्हटलं, "ती बादली माझ्या चाकाखाली आली होती, ग्लेंडा. आणि झुडपांत तू शोधत होतीस, ते मी घरी बसून चहा पीत असताना."

तिनं हात सोडला नाही, पण हसू गेलं. मग म्हणाली, "सभा पुढच्या मंगळवारी आहे. तिथे उभं राहून सांगा."

सांगीन.

१ नोव्हेंबर, बुधवार
हवा: ऊन. क्लाइड म्हणतो की ऊन आहे.

सकाळी रेनी कामावर निघायच्या आधी तिच्या दाराशी गेले. सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ केला नाही. मार्नी अजून झोपली होती. रेनी चौकटीत उभी राहून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मला खूप राग आलाय, लॉर्ना. आज मला रागावू दे."

घरी येऊन डॉक्टरला फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, दिव्यांभोवती कडी दिसतात का? मी म्हटलं, काउन्सिलनं नवे दिवे लावले तेव्हापासून. ती म्हणाली, मोतीबिंदू असला तरी तशी दिसतात. क्लाइडला विचारलं, आपल्या रस्त्यावर नवे दिवे कधी लावले? तो म्हणाला, "लावलेच नाहीत."

साडेतीनला टोस्ट केला. दार वाजलं नाही. पावणेचारला नाही, चारला नाही. बसवेना. स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून स्वयंपाकघरात. ती पुन्हा कधीच आली नाही तर? रेनीला कुणी नावं ठेवणार नाही, मीही नाही. सव्वाचारला काय वाटलं कोण जाणे, उठले आणि भर उन्हात पोर्चवरचा दिवा लावला.

पाचला दार वाजलं.

"मिस लॉर्ना, हॅलोवीन काल झालं. तुमचा दिवा चालू राहिलाय."

"राहिला नाही. लावलाय."

मार्नीनं वर दिव्याकडे पाहिलं, मग आत आली. "आई फोनवर म्हणाली, जा. पण गाडीत बसायचं नाही."

"गाडीत मीसुद्धा बसत नाही."

तिनं गार झालेला टोस्ट खाल्ला. मी ही वही काढून पहिलं पान उघडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. माझं मलाच नीट दिसत नाही, तर तूच शोध म्हटलं, काळे कपडे कुठे लिहिलेत ते. तिनं बोट फिरवत फिरवत ती ओळ काढली आणि मोठ्यानं वाचली: "काळ्या कपड्यातलं पोर अचानक समोर आलं."

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"खोड."

तिनं माझं पेन घेतलं. 'काळ्या'वर एक रेघ मारली, 'अचानक'वर दुसरी. मग डोकं वाकवून, जीभ बाहेर काढून वर काहीतरी लिहिलं. वही नाकाशी नेली तेव्हा कुठे मला वाचता आलं. चंदेरी, असं लिहिलं होतं, आणि पुढे: तिनं हात केला होता.